कोपऱ्यावरचा किल्लीवाला

आमच्या ह्यांच्या हाताखाली पाच जिल्ह्यांचे पोलीस आहेत आणि स्वतःचा चष्मा कुठे ठेवलाय, हे त्यांना मला विचारावं लागतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत ह्यांनी एकदाही आवाज चढवला नाही, अशी खात्यात ख्याती. मोर्चा असो, दंगल असो, हे हळू बोलतात आणि कामं होतात. मला त्याचं कौतुक आहे. फक्त हळू बोलणाऱ्या साहेबाची एक पंचाईत असते. हाताखालची माणसं कान टवकारून बसतात आणि तो नुसता खोकला तरी त्याचा अर्थ काढतात.

बंगल्याजवळच्या वळणावर एक किल्लीवाला बसायचा. लोखंडी पेटी, दोन-तीन कानशी आणि झाडाला टांगलेली लाकडाची भली मोठी किल्ली. आमच्या ट्रंकेची किल्ली हरवली (कोणी हरवली, ते सांगायला नको), म्हणून मी कुलूप घेऊन गेले, तर कोपरा रिकामा.

"काल पोलीस आले, पेटी उचलली," शेजारचा शिंपी दबक्या आवाजात म्हणाला. "ठाण्यावर नेऊन दम दिला त्याला. पुन्हा दिसलास तर आत टाकू म्हणाले. वरून हुकूम आहे म्हणे."

माझं डोकंच फिरलं. त्या ठाण्याच्या वरचा माणूस माझ्याच घरी जेवतो.

जेवताना मी सरळ विचारलं, "त्या गरीब किल्लीवाल्याला तुम्ही उठवलंत?"

"मी? मी कशाला असला हुकूम देईन?"

"आठवा जरा. गाडीत काही बोललात?"

ह्यांचा घास हातातच राहिला. वळणावर गाडी अडली तेव्हा हे ड्रायव्हरला म्हणाले होते, "इथं जरा अडचणच होते, नाही?" बस, एवढंच. ड्रायव्हरनं ते ठाणेदाराच्या कानावर घातलं, ठाणेदारानं हवालदाराच्या, आणि हवालदारानं पेटी उचलली.

"ठाणेदाराला चांगला फैलावर घ्या," मी म्हणाले. मी असते तर सोलून काढला असता.

"मी त्याला झापलं की तो हवालदाराला झापणार आणि हवालदार जाऊन किल्लीवाल्याला. परत बसवा म्हटलं, तर मानगूट धरून आणून बसवतील." हे ताटावरून उठले. "मीच जातो."

रविवारी हे साध्या कपड्यांत निघाले, गाडी स्वतः चालवत. मीही सोबत गेले. वाटेत ठाण्यातून पेटी घेतली आणि शिंप्याकडून किल्लीवाल्याच्या घरचा पत्ता. जिना अरुंद होता, पेटी जड होती. हे धापा टाकत वर पोचले.

ह्यांना दारात बघून किल्लीवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याच्या बायकोनं घरातली एकुलती एक खुर्ची पदरानं पुसली. हे बसले नाहीत.

"चूक माझी झाली," हे म्हणाले. "मी सहज बोललो, लोकांनी तो हुकूम समजला. उद्यापासून तुम्ही परत तिथंच बसा."

"होय साहेब," त्यानं लगेच हात जोडले.

ह्यांना हायसं वाटलं. मला मात्र त्या बाईचा चेहरा दिसत होता. ती पांढरीफटक पडली होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, मग धीर करून ह्यांना म्हणाली, "साहेब, तुम्ही सांगताय की विचारताय?"

"गप बस गं," किल्लीवाला पुटपुटला.

हा प्रश्न ह्यांना नोकरीत कोणी केला नव्हता, आणि घरी मलाही कधी सुचला नव्हता.

"विचारतोय," हे म्हणाले.

"मग नाही, साहेब." किल्लीवाल्याचे हात अजून जोडलेलेच होते. "राग नाही तुमच्यावर. पेटी तुम्ही स्वतः आणलीत. पण उद्या परत गाडीत काही बोललात तर? तुमची बदली झाली, दुसरे साहेब आले तर? मी रोज तुमच्या गाडीच्या काचेकडे बघत कानस चालवायची का?"

ह्यांनी मान खाली घातली. मला त्या दोघांचंही वाईट वाटलं, खरं सांगायचं तर ह्यांचं जरा जास्तच.

"त्या जागेवर तुमची गिऱ्हाइकं आहेत," हे हळूच म्हणाले. "ती सोडून कुठं बसणार?"

"बघतो कुठंतरी," तो म्हणाला. "जिथून साहेबांची गाडी जात नाही, तिथं."