इल्डाची चिंधी

देओलिंदा नवा झगा घेऊन आली होती. काळी मखमल, बाह्यांना चंदेरी जर. हिवाळाभर डोळे फोडून शिवलेला. शहरातल्या संग्रहालयाचं बोलावणं आलं तेव्हा तिला दुसरं काही सुचलंच नाही. लाकडाला कीड लागली म्हणून गावच्या चर्चमधली दुःखमातेची, मारियेची, मूर्ती तिकडे नेली होती. आता ती बरी झाली, म्हणजे तिला झगा घालायला आपल्यालाच बोलावणार. तो मान तिचा होता, तिच्याआधी तिच्या सासूचा.

मान कसला, जोखीम होती ती. मातेचं घडवलेलं असं काही असेल तर चेहरा आणि हात. कमरेखाली नुसता लाकडी पट्ट्यांचा पिंजरा. कपडे बदलायच्या दिवशी चर्चचं दार आतून लागायचं, पाद्रीसुद्धा बाहेर अंगणात. त्या पिंजऱ्यात गावच्या बायका आपल्याच कपड्याची चिंधी फाडून बांधायच्या. पाद्र्यापुढे कबूल करता येत नाही ते तिथं सांगायचं. वर झगा पडला की विषय संपला. पालखी खांद्यावर घेणाऱ्या पुरुषांना आयुष्यभर पत्ता नाही, आपण काय वाहतोय त्याचा.

इल्डाला मात्र सगळं ठाऊक होतं. ती देओलिंदाची धर्मलेक, बाप्तिस्म्याला तिनंच हातात धरलेली. टाचण्या धरायला म्हणून लहानपणापासून आत यायची. आता ती संग्रहालयात मोठ्या हुद्द्यावर होती. मूर्ती नेताना तिनंच शब्द दिला होता, "धर्ममाय, माझ्याशिवाय तिला कुणी हात लावणार नाही."

हात तिनंच लावला होता.

दालनाच्या मधोमध काचेच्या पेटीत माता उभी होती. उघडी. केसांचा टोप काढलेला, डोकं तुळतुळीत. चिंध्या नीट दिसाव्यात म्हणून पिंजऱ्याच्या आत दिवा लावलेला. शहरातली माणसं वाइनचे पेले धरून वाकून वाकून बघत होती. पाटीवर लिहिलं होतं: ग्रामीण स्त्रियांचे नवस, अज्ञात. अज्ञात म्हणे. एकेका चिंधीची बाई देओलिंदा नावानिशी सांगू शकली असती.

गावाहून बसनं आलेल्यांत झेफेरिनो होता. पालखीचा पुढचा दांडा जन्मभर त्याचा. काचेला नाक लावून तो निळ्या चौकड्यांच्या एका तुकड्यापाशी थांबला.

"हा आमच्या आल्दाचा एप्रन. माझ्यासाठीच मागितलं असेल ना गं तिनं काहीतरी?"

आल्दा आता हयात नव्हती. तिनं मागितलं होतं, दारू ढोसून घरी येताना हा एकदाचा विहिरीत पडू दे.

"तुझ्यासाठीच," देओलिंदा म्हणाली. ते काही खोटं नव्हतं.

मग तिनं इल्डाला गाठलं. इल्डा हळू आवाजात समजावू लागली. लोक इथं कारागिरी बघायला येतात, गुडघे टेकायला नाही. इथं ती माता नाही, शिल्प आहे. आणि या चिंध्या तर फार मोलाच्या, त्यात लाज कसली?

"आतून ती लाकूडच आहे, हे तुला काय नवीन आहे, धर्ममाय?"

"म्हणून तर झाकत आले."

देओलिंदा पुन्हा पेटीकडे वळली आणि तिची नजर मागच्या पट्टीवर अडली. तिथं हिरवी चिंधी हवी होती. एकोणिसाव्या वर्षी पोट पाडून आल्यावर इल्डानं स्वतःचा परकर फाडून बांधलेली. गाठ बसेना, तेव्हा देओलिंदानंच गाठीवर बोट धरलं होतं. पट्टी आता मोकळी होती. गाठीच्या जागी लाकूड जरा उजळ दिसत होतं, इतकंच.

"तुझी कुठाय?"

इल्डानं आजूबाजूला पाहिलं. "हळू बोल ना."

"शिल्प आहे म्हणतेस. मग तुझी तेवढी का काढून घेतलीस?"

देओलिंदानं झगा उलगडला आणि पेटीवर टाकला. पहारेकरी धावला, पण इल्डानं त्याला हातानंच थांबवलं. झगा तिनं स्वतः उतरवला. बाह्या आत, जर आत, टाचणी कुणाला टोचणार नाही अशी घडी घातली. देओलिंदानं शिकवली होती तश्शीच. मग घडी पुढे केली.

"राहू दे तुझ्याकडे," देओलिंदा म्हणाली. "तुलाही झाकायला लागतंच की."

परतीच्या बसमध्ये झेफेरिनो शेजारी बसला. आल्दाचा आपल्यावर किती जीव होता, ते सांगत राहिला. गाव येईपर्यंत देओलिंदा मान डोलावत होती.