डब्याच्या झाकणातलं ऊन

हिवाळ्यातलं सकाळचं कोवळं ऊन भिंतीवर पाखरासारखं उतरतं, क्षणभर थरथरतं, आणि कुणाची तरी वाट पाहत असल्यासारखं एका जागी स्थिरावतं. शुभदा म्हटलं की मला तिच्या चेहऱ्याआधी तो कवडसा दिसतो. शुभदा माझी पत्नी. हडपसरच्या एका शाळेत पहिलीला शिकवते.

तिच्या आईला ऐकू येत नसे. कात्रजच्या त्यांच्या दोन खोल्यांत हाक ही कानांची नव्हे, डोळ्यांची गोष्ट होती. रात्रपाळी करून आलेले वडील उंबऱ्यातच डब्याचं झाकण उन्हात तिरपं धरत. कणीक मळणाऱ्या आईसमोरच्या भिंतीवर उजेडाचा ठिपका पडे, तिचे हात थांबत आणि ती हसत वळे. ती दचकू नये म्हणून मागून हात लावायचा नाही, हा घराचा नियम. काही सांगायचं तर समोर यायचं, बसायचं, नजर मिळाली की मगच बोलायचं. आमच्याकडे गच्चीवरून स्वयंपाकघरापर्यंत सगळा कारभार आरोळ्यांवर चाले. लग्नानंतर मी बाहेरच्या खोलीतून पहिल्यांदा चहा मागितला, तेव्हा शुभदा समोर येऊन शांतपणे म्हणाली, "अहो, चहा भिंतीकडे मागितलात की माझ्याकडे?"

मी मोजूनमापून बोलणारा माणूस. संस्कार वगैरे मोठे शब्द सहसा वापरत नाही. पण वर्गातल्या फरशीवर गुडघे टेकून, एकेका मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर येऊन बोलणारी शुभदा पाहिली, की तिच्या वाकण्यात मला माझ्या सासूबाईंचं घर दिसतं.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. उरली ती वाळल्या पानांची सळसळ. परत येईल, कदाचित येणारही नाही, असं डॉक्टर म्हणाले. शाळा उघडली तेव्हा मुख्याध्यापिकाबाई स्पष्टच बोलल्या, "बाई, पहिलीचा वर्ग आवाजावर चालतो. तुम्ही ऑफिसात बसा." वर्ग सुटणं म्हणजे शुभदेचं काय सुटणं, हे मला ठाऊक होतं. तिने एक आठवडा मागून घेतला.

त्या आठवड्यात एके सकाळी घरी राहिलेला गरम पाण्याचा थर्मास द्यायला मी शाळेत गेलो. खिडकीशी पोचलो आणि थबकलो. शुभदा रोज आपल्या डब्याच्या झाकणाने फळ्यावर कवडसा पाडून मुलांना हाक मारत होती, हे घरी ऐकलं होतं. आज मात्र मुलांनीही आपापली झाकणं बाहेर काढली होती. छतावर, भिंतींवर, तक्त्यांवर कवडसेच कवडसे, आणि त्यांच्या तालावर कल्लोळ. नेमक्या त्याच वेळी मुख्याध्यापिकाबाई दारात आल्या. माझ्या हातातला थर्मास एकाएकी जड झाला.

शुभदेने टेबल आपटलं नाही, हात उगारला नाही. तिने आपलं झाकण सावकाश पदराआड धरलं. फळ्यावरचा उजेड विझला. मग ती पुढच्या बाकाशी खाली बसली आणि तिथल्या मुलीच्या डोळ्यांत पाहत राहिली. त्या मुलीचा कवडसा उतरला, शेजारचा उतरला, आणि पाखरं सांजेला झाडात शिरावीत तसे सगळे एकेक करून नाहीसे झाले. वर्गात पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला.

"आणि ढग आल्यावर काय करणार? सुट्टी देणार?" मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं.

"दिव्याचं बटण आहे की, उघडझाप करीन," शुभदा त्या सळसळत्या आवाजात म्हणाली.

बाई किंचित हसल्या. "मग त्या ऑफिसातल्या खुर्चीवर मी दुसऱ्या कुणाला तरी बसवते."

आवाज पुढे परतला, अर्धामुर्धा. वर्ग तिचाच राहिला. सासूबाई हे पाहायला नाहीत. आणि ज्यांचे आभार मानायचे, त्यांच्यापर्यंत शब्द तर त्या होत्या तेव्हाही पोचत नव्हते. परवा सकाळी वर्तमानपत्र वाचताना समोरच्या भिंतीवर उजेडाचा ठिपका थरथरला. मी वळलो; दारात शुभदा उभी होती, हातात झाकण. तो कवडसा पहिल्यांदा पाडणारा सासऱ्यांचा हात गेला, वळून हसणारा सासूबाईंचा चेहराही गेला. काळाने दोघांना नेलं, आणि त्यांची हाक मात्र आमच्या भिंतीवर ठेवून दिली.