एक बारीकसा दोष

इमारतीतले सगळे त्यांना साहेब म्हणत. त्यात निम्मा मान होता आणि निम्मी थट्टा, पण थट्टेचा भाग साहेबांनी कधी मनावर घेतला नाही. खरं तर ते आयुष्यात कधीच साहेब नव्हते. एका मोठ्या कारखान्यात ते टेलिफोन ऑपरेटर होते. उभी हयात त्यांनी खऱ्या साहेबांचे फोन जोडून देण्यात घालवली आणि जोडून देता देता त्यांचं बोलणं टिपून घेतलं. कुठे थांबायचं, कुठे नुसतं 'हं' करायचं, समोरच्याला ताटकळत कसं ठेवायचं, सगळं. त्यात आवाज असा दमदार की ऐकणाऱ्याने पलीकडे खुर्चीत सावरून बसावं. प्रत्यक्षात समोर आले तर मात्र बनियनवरचा एक किडकिडीत माणूस दिसायचा. म्हणून ते प्रत्यक्ष समोर यायच्या भानगडीत पडत नसत.

कारखान्याला टाळं लागलं आणि साहेब घरी बसले. असला आवाज आणि तो भाजीवाल्याशी हुज्जत घालण्यात वाया चाललेला. अशात तळमजल्यावरचा शिंपी आपल्या मेहुण्याला घेऊन आला. एका गोदामात जागा होती, पण ते लोक आधीच्या मालकाचा फोन नंबर मागत होते. मेहुण्याने आधी कुठे काम केलं असेल तर ना!

"माझा नंबर दे," साहेब म्हणाले.

फोन आला तेव्हा साहेबांनी तो जरा वाजू दिला. मग उचलून इतक्या सावकाश 'बोला' म्हटलं की बोलणाऱ्याची गाळण उडाली. मेहुणा चिकटला. बातमी जिन्याने वरखाली फिरली आणि मग काय, दर थोड्या दिवसांनी कोणी ना कोणी दारात उभं. साहेब कोणाकडून दमडीही घेत नसत. घेतली असती तर निदान धंदा तरी म्हणता आलं असतं. ते हे परोपकार म्हणून करत, आणि मला विचाराल तर तेच जास्त वाईट.

"ज्यांच्यासाठी शब्द टाकायला कोणी नाही, त्यांनी जायचं कुठे?" असं ते म्हणत. प्रश्न खोटा नव्हता. उत्तर खोटं होतं.

त्यांची एक खुबी होती. नुसती स्तुती केली की ऐकणाऱ्याच्या मनात पाल चुकचुकते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून आधी तोंडभर कौतुक, मग जरासं थांबून, आवाज खाली आणून, एक बारीकसा दोष. मुलगा सोन्यासारखा, फक्त सोमवारी सकाळी तोंड पाडून येतो. बाई फार प्रामाणिक, फक्त स्टुलावर चढायला घाबरते. पलीकडचा माणूस हसायचा, आणि हसला की काम फत्ते. ज्या माणसाला त्यांनी धड पाहिलेलंही नसे, त्याला ते घरबसल्या एक दोष बहाल करून टाकत.

बायकोला हे कधी पटलं नाही. ती भांडणारी नव्हती. साहेबांचा तो आवाज सुरू झाला की ती उठायची, स्वयंपाकघरात जायची आणि नळ सोडायची. घासायला भांडं नसलं तरी सोडायची.

"अगं, पाणी वाया जातंय," साहेब फोन ठेवून ओरडायचे.

"तुमचं झालं का? मग करते बंद."

एवढंच. एका सकाळी ती त्याच नळापाशी कोसळली. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. डोळे तेवढे पूर्वीसारखे राहिले, आणि डावा हात.

मुलगी धावत आली. रजा संपल्या, वाढवलेल्याही संपल्या, तिकडे तिची पोरं शेजाऱ्यांच्या भरवशावर. निघायची वेळ आली तेव्हा तिने बापाला बाजूला घेतलं.

"बाबा, दिवसभरासाठी एक चांगली बाई बघा. तुम्हाला एकट्याला उचलायला जमणार नाही. पण नीट चौकशी करा. आईला बोलता येत नाही. उद्या कोणी चिमटा काढला तरी ती सांगू शकणार नाही, एवढं ध्यानात ठेवा."

"चौकशीचं तू मला सांगू नकोस," साहेब म्हणाले. "फोनवरून माणूस ओळखण्यात माझी हयात गेली."

पहिली जी आली तिला सगळे ताई म्हणत. उंच, हाडापेराने मजबूत, बोलणं बेताचं. एक दिवस बघू, मग ठरवू, असं ठरलं. तिने आल्या आल्या हात धुतले, पलंगाशेजारी स्टूल ओढलं आणि आधी बायकोशी बोलली, साहेबांशी नंतर. "आता मी तुम्हाला या कुशीवर घेणार हं, काकू," असं प्रत्येक वेळी सांगून मग हात लावायची. गुडघ्यांमध्ये उशी ठेवली. पाठ निरखून पाहिली, पावडर लावली. भरवताना घास गिळून होईपर्यंत चमचा खालीच ठेवायची. बायकोने डाव्या हाताने तिची ओढणी धरून ठेवली होती. मुलगी दारातून बघत होती. तिच्या जिवात जीव आला आणि ती दुपारच्या गाडीने निघून गेली.

ती गेली आणि थोड्या वेळाने फोन वाजला. शिंप्याच्या भाच्यासाठी होता. साहेबांनी गच्चीच्या दारात उभं राहून आवाज लावला. "मॅनेजर बोलतोय... हो, आमच्याकडे होता ना... कामाला वाघ. फक्त एक सांगतो, चहा फार पितो." पलीकडे हशा झाला.

आत बायकोने ओढणी सोडली. डावा हात हळूहळू वर नेला आणि तळहात कानावर दाबून धरला.

"कान दुखतोय का काकू?" ताईने विचारलं. तिने कानात वाकून पाहिलं. मग गच्चीकडे पाहिलं, आणि पुढे काही विचारलं नाही.

संध्याकाळच्या आत ठरवायचं होतं. साहेबांनी ताईने दिलेला नंबर लावला. एका म्हाताऱ्या बाईंनी उचलला. त्यांची थोरली बहीण अंथरुणाला खिळली होती, तिचं सगळं ताईनेच केलं, अगदी शेवटपर्यंत. हात हलका, स्वभाव शांत, एकदाही चिडली नाही. साहेब 'हं, हं' करत होते. त्यांनाही बरं वाटत होतं. तेवढ्यात म्हाताऱ्या बाई जरा थांबल्या, त्यांचा आवाज खाली आला आणि त्या म्हणाल्या, "फक्त एक आहे. काम करताना ती गुणगुणते. काहींना नाही आवडत."

साहेबांच्या कपाळावर आठी पडली. ते थांबणं, ते आवाज खाली आणणं, तो निरुपद्रवी दोष. अहो, हा तर आपलाच माल! कोणत्या तरी इमारतीत आपल्यासारखंच कोणी तरी बसलंय आणि आपल्यालाच गंडवायला निघालंय. त्यांना रागही आला आणि थोडी गंमतही वाटली. ओळखलं, याची गंमत.

ते आत आले. "ताई, ती बाई तुमची कोण? मावशी की आत्या?"

"कोण बाई?"

"फोनवरची. बोलली झकास. पण मीही या खेळातलाच आहे. म्हणे तुम्ही गुणगुणता. मी सकाळपासून घरात आहे, मला तर काही ऐकू आलं नाही."

ताईचा चेहरा उतरला. "नव्या घरात पहिल्याच दिवशी कशी गुणगुणेन, काका? ओळख व्हायला नको? त्या बाई खऱ्या आहेत. पत्ता देते, जाऊन बघा."

"पत्तेही मिळतात."

ती उठली. बायकोची चादर सारखी केली, उशी पुन्हा नीट लावली. "काकू, येते मी," म्हणाली. मग दारात चप्पल घालताना साहेबांकडे न बघता बोलली, "तुमचं मघाचं फोनवरचं ऐकलं मी. तुम्हाला सगळेच तसे वाटणार. पण निदान जाऊन बघायचं होतं."

पत्ता लिहिलेला कागद तिने टेबलावर ठेवला. पलंगावरून एक घोगरा आवाज आला, शब्द नसलेला. बायकोचा डावा हात हवेत दाराच्या दिशेने उचललेला होता. साहेबांनी तो धरून खाली ठेवला आणि म्हणाले, "तुला नाही कळायचं. फसवत होती ती."

मग एजन्सीच्या मावशी आल्या. त्यांनी दिलेल्या नंबरावर एका पुरुषाने उचललं आणि कंटाळलेल्या सुरात म्हणाला, "हो, होत्या. काम केलं. ठीक होतं." ना कौतुक, ना दोष. साहेब खूश झाले. खोटं बोलणारा इतकं कोरडं बोलणारच नाही, अशी त्यांची खात्री होती. मुलीलाही त्यांनी तसं ठासून सांगितलं.

मावशी वेळेवर यायच्या, वेळेवर जायच्या. साहेब खोलीत डोकावले की त्या उठून उशी थोपटायच्या. साहेब बाहेर गेले की खिडकीतल्या खुर्चीत मोबाइल घेऊन बसायच्या. हे साहेबांना कळायला मार्ग नव्हता. ज्यांना कळत होतं त्यांना सांगता येत नव्हतं. साहेब विचारायचे, "बरं आहे ना ग?" बायको त्यांच्याकडे बघत राहायची. तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं. पण या आजारात असं येतं, असं डॉक्टरांनी सांगितलेलं होतंच.

मावशींच्या सुट्टीच्या दिवशी मुलगी आली. तिने आईचं अंग पुसायला घेतलं आणि कुशीवर वळवलं. पाठीच्या खाली, माकडहाडावर, तळहात मावेल एवढी जखम होती. आत काळी पडलेली. खोलीत काही दिवसांपासून येणारा वास चादरीचा आहे असं साहेब समजत होते.

"वळवत नव्हती ती आईला," मुलगी म्हणाली. ती रडत नव्हती, ते बघवत नव्हतं. "दिवसच्या दिवस एकाच जागी पाडून ठेवलं होतं. बाबा, तुम्ही या घरात होता ना?"

साहेब डॉक्टरांना फोन लावायला उठले.

डॉक्टर येऊन गेले. जखम भरायला फार दिवस लागतील, भरेलच असं नाही, असं म्हणाले. दुसऱ्या दिवशी साहेबांनी टेबलाच्या खणात टाकलेला ताईचा तो पत्त्याचा कागद काढला आणि निघाले.

पत्ता खरा होता. दाराची कडी वाजवली तर काठी टेकत एक म्हाताऱ्या बाई आल्या. आतल्या खोलीत अजून तो रुग्णांचा लोखंडी पलंग होता, गादी गुंडाळून ठेवलेली. साहेबांनी नाव सांगितलं नाही. "मी ताईंसाठी फोन केला होता," एवढंच बोलले, आणि म्हाताऱ्या बाईंनी आवाज लगेच ओळखला.

"तुम्ही होय? मी कोणी धिप्पाड, मोठा माणूस समजले होते." त्यांनी साहेबांना बसा म्हटलं नाही.

"माझी चूक झाली. ताईंना परत बोलवायचंय. कुठे असतात?"

"तिला काम लागलं. लगेच लागलं. कसं लागलं ते सांगू?" म्हाताऱ्या बाई काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या राहिल्या. "तुमच्याकडून आली ती रडतच. म्हणाली, बाई, तुम्ही गुणगुणण्याचं का सांगितलंत? त्यांना खोटं वाटलं. मी म्हटलं, अगं, खरं आहे म्हणून सांगितलं. लपवून कशाला ठेवायचं? माझ्या बहिणीलाही सुरुवातीला खपत नव्हतं. पुढे पुढे त्याशिवाय तिचा डोळा लागेना. गेली तेही ते ऐकतच गेली."

साहेबांची नजर आतल्या लोखंडी पलंगाकडे गेली.

"पुढचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, काही दोष नाही. काहीसुद्धा नाही. या वयात खोटं बोलायला लावलंत तुम्ही मला. आणि आता ती कामावर गुणगुणतही नाही. म्हणते, नव्या घरच्यांना कळलं तर तुम्ही खोट्या ठराल." त्यांनी दार लोटायला घेतलं. "तुमच्या घरचं माणूस कसं आहे?"

"बरं आहे," साहेब म्हणाले. सवयच होती.

घरी आले तेव्हा मुलगी औषधं आणायला गेली होती. टेबलावर फोन वाजत होता. शिंप्याने कोणासाठी तरी नंबर दिला असणार. साहेबांनी तो वाजू दिला. आधीसारखा, पलीकडच्याला ताटकळत ठेवायला नाही. वाजून वाजून तो गप्प झाला.

ते पलंगाशेजारच्या स्टुलावर बसले. ताईला करताना पाहिलं होतं तसं सांगून, "आता मी तुला या कुशीवर घेणार हं," असं म्हणून त्यांनी बायकोला वळवलं. तिला दुखलं असावं. गुडघ्यांमध्ये उशी ठेवली. मग काय करावं ते सुचेना, तेव्हा ते हळूच गुणगुणायला लागले. कुठलंही धड गाणं नव्हतं, नुसता सूर. आवाज तोच, भरलेला, दमदार.

बायकोने डोळे मिटले. डावा हात हळूहळू वर नेला आणि तळहात कानावर दाबून धरला.

साहेब थांबले. पण तिने हात काढला नाही.