चांगुणाच्या कमरेची चुंबळ

मित्रांनो, ही गोष्ट १९७८ सालची. मी एक जुनी चुंबळ आहे. ओझं घेताना बाया डोक्यावर कापडाची गोल गादी ठेवतात ना, तीच मी. सुरगाण्याच्या डोंगरात भागीबाईने आपल्या विटक्या लुगड्याचा पदर पिळून मला वळलं आणि लेकीच्या, चांगुणाच्या, डोक्यावर ठेवलं.

भाताची कापणी उरकली की आमची माणसं जीपमध्ये कोंबून पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या मळ्यांत नेत. चांगुणा डोक्यावर द्राक्षांची भरली पाटी घेऊन बांधावरून पळे, पण एक मणी गळत नसे. तिथल्या शाळेतल्या लताबाईंनी ते पाहिलं आणि तिचं नाव नाशिकच्या शर्यतीत घातलं. पहिल्या येणाऱ्या मुलीला वसतिगृहात जागा मिळणार होती. म्हणजे दोन वेळचं जेवण, बारमाही शाळा आणि पाटीतून सुटका.

भागीबाईने मला तिच्या कमरेला बांधलं. "वझं नाय तर नाय, आपलं कायतरी संगं असू दे."

चांगुणा अनवाणी सुटली ती सगळ्यांच्या पुढे. शेवटची दोरी चार पावलांवर आली आणि ती चक्क थांबली. मागे वळून पाहू लागली! आमच्या डोंगरात मोळ्या घेऊन निघालेल्या बाया खिंडीच्या तोंडाशी थांबतात. मागची आल्याशिवाय पुढची खिंड ओलांडत नाही. चांगुणा तशीच थांबली आणि तीन मुली तिला मागे टाकून दोरीला भिडल्या.

अख्खं मैदान हसलं. सगळ्यांत मोठ्याने हसले ते स्पर्धेचे प्रमुख, धोंडीरामसाहेब. "जंगलातून धरून आणलीय वाटतं! हिला वसतिगृह कशाला? एखादं झाड दाखवा."

"अगं, थांबलीस का?" लताबाई रडकुंडीला आल्या.

"मागल्या पोरी यायच्या व्हत्या ना, बाई."

ते हसू आठवलं की माझा धागा न् धागा अजून जळतो. त्या हसणाऱ्यांपैकी कोण कधी कुणासाठी थांबलं होतं?

जागा गेली. आणखी एक हंगाम चांगुणाने पाट्या वाहिल्या. लताबाई संध्याकाळी मळ्यात येऊन बजावत, "आधी दोरी ओलांड. मग थांब हवी तेवढी."

पुढच्या वर्षी तिने दोरी तोडली. मग वळली आणि शेवटची मुलगी लंगडत येईपर्यंत उभी राहिली. साहेब फोटोसाठी धावत आले. "आमची मुलगी!" म्हणाले. मग तिच्या कमरेवरून मला ओढून काढलं. "ही चिंधी फेक. फोटोत घाण दिसते."

ज्या चिंधीवर तुमची द्राक्षं बाजारात गेली, ती घाण?

चांगुणा मला उचलायला वाकली आणि तेवढ्यात फोटो निघाला. त्यात साहेब हसताहेत, चांगुणाची नुसती पाठ दिसते.

पुढे चांगुणाने राज्यात पदकं मिळवली, मग देशातही. भागीबाई शहाऐंशी साली गेली, त्याही हंगामात तिच्या डोक्यावर पाटी होतीच. लताबाई निवृत्त होऊन नाशिकलाच राहिल्या. चांगुणाला 'शोधून काढलं' म्हणून साहेबांना शाली मिळाल्या. तो फोटो त्यांच्या दिवाणखान्यात आहे.

मित्रांनो, मला जपू नका. मी चिंधीच आहे. पण डोंगरातून आलेली एखादी मुलगी तुमच्या वर्गात बसली, तर हसण्याआधी तिला विचारा, का थांबलीस?

चांगुणा आता शाळेत खेळ शिकवते. मी तिच्या टेबलावर, पाण्याच्या माठाखाली असते. शेवटची मुलगी दोरी ओलांडेपर्यंत ती बक्षिसं वाटू देत नाही. व्यासपीठावरचे साहेबलोक घड्याळं बघतात.

बघू देत.