बरणीतली हिरवी

कोलोमाने काचेची मोठी बरणी धुऊन मागच्या अंगणात पालथी घातली. आता ती भरायची नव्हती, कुणाला तरी देऊन टाकायची होती. सांत जुआनचा सण तीन दिवसांवर आला होता, आणि त्याच दिवशी ती बारच्या करारावर सही करणार होती. किनाऱ्यावरच्या पबवाल्यांना ही जागा हवी होती. ते परदेशी पोरांना बादलीत दारू देत, लांब नळ्या खुपसून. तिचा मुलगा पाऊ कराराचे कागद ठेवून गेला होता.

बार चालवायचा तिला कंटाळा नव्हता. पण हिरवीशिवाय बार कसला? बडीशेपेच्या दारूत रानातला-परसातला पाला मुरवून केलेली ती हिरवी, बेटावर घराघरांत होते, आणि घराघरांत वेगळी. एकाने दुसऱ्याला त्यातलं विचारायचं नसतं. तिच्या नवऱ्याने, जेरोनीने, तर तिलाही सांगितलं नाही. सणाच्या आधीच्या रविवारी मागच्या खोलीचं दार ओढून घ्यायचा, आत मोठ्याने गात बसायचा. गाणं संपलं की बरणी भरलेली असायची.

दोन हिवाळ्यांपूर्वी तो गेला. उरलेल्या हिरवीवर एक वर्ष निघालं. मागच्या उन्हाळ्यात कोलोमाने स्वतः घातली, बाजारातून सात तऱ्हेचा पाला आणून. ती मुरल्यावर एका रविवारी दुपारी नेहमीचे तिघे आले. पेले वर झाले, खाली आले. छान झालीय म्हणाले, आणि दुसऱ्या फेरीला तिघांनीही कॉफी मागितली. तेव्हाच तिच्या मनात काहीतरी मिटलं. गेल्या रविवारी तिने तिघांना करार सांगून टाकला.

आज पुन्हा रविवार. बार उघडायला तासभर होता, तोच मागच्या फाटकाची कडी वाजली. त्या तिघांतला तोफोल होता, उभा जन्म पर्यटकांची बस हाकलेला. हातात वर्तमानपत्राची पुरचुंडी.

"वहिनी, मी जेरोनीला शब्द दिला होता," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "पण आता तुम्ही सहीच करायला निघालात."

पुरचुंडीत रोजमेरी होती, त्याच्या गावाकडच्या बांधावरची. तीस वर्षं तो ती जेरोनीला गुपचूप आणून देत होता. बाकीचं सगळं वहिनींना ठाऊकच असणार, एवढी एकच फांदी त्यांना कळलेली नसेल, असं तो धरून चालला होता.

कोलोमा काही बोलणार, तोच फाटक पुन्हा वाजलं. मासेमार योरेन्स आत आला तो एक हात पाठीमागे धरून. तोफोलला पाहून तिथेच थबकला.

"तू इथे काय करतोयस?"

"तुझ्या पाठीमागे काय आहे ते आधी दाखव, लेका."

पाठीमागे बडीशेपेचे कोवळे तुरे होते, खारं वारं खाल्लेले, कड्यावरचे. त्यालाही जेरोनीने बजावलं होतं, हे फक्त तुझं नि माझं. दोघांची तोंडं बघण्यासारखी झाली. एवढ्यात दामिया आला, एका हॉटेलची बाग तीस वर्षं राखलेला, आणि त्याच्या टोपीत पुदिना होता. तो सरळ बाकावर बसला आणि पोट धरून हसू लागला. एकाच माणसाने तिघांना एकच गुपित विकलं होतं. मग भांडण जुंपलं, खरा स्वाद कोणाचा. रोजमेरीशिवाय तिचा काढा झाला असता, तोफोलचं म्हणणं. योरेन्सने त्याला डिझेलच्या वासाने मेलेल्या नाकाची आठवण करून दिली.

कोलोमाने बरणी सरळ केली. पाला आत घातला, वरून दारू ओतली. बरणीत तोंड घालून तिने वास घेतला. जवळ आला होता, पण अजून तो नव्हता. काहीतरी उंबऱ्यातच अडून राहिलं होतं.

"तुम्ही काय द्यायचात, वहिनी?" दामियाने विचारलं.

ती म्हणणार होती, मी काही नाही. पण नजर अंगणातल्या लिंबोणीच्या झाडाकडे गेली. लग्न होऊन आली त्या वर्षी तिनेच ते लावलं होतं. दर वर्षी याच सकाळी जेरोनी खोलीत शिरताना म्हणायचा, कोलोमा, दोन पानं तोडून दे गं, तुझ्या हातची. चहात टाकत असेल, असं तिला वाटायचं. चहा तर तो कधी प्यायचाच नाही. एवढ्या वर्षांत हे तिच्या कसं लक्षात आलं नाही?

ती उठली. दोन पानं तोडली, बोटांत जराशी चुरली आणि बरणीत सोडली. मग झाकण लावून बरणी उन्हाच्या कट्ट्यावर ठेवली, जिथे जेरोनी ठेवायचा तिथेच.



"मुरायला चाळीस दिवस लागतात," ती म्हणाली. "पाऊला सांगते, कागद घेऊन जा म्हणून. सही करायची की नाही, ते झाकण उघडल्यावर बघू."

"आणि तोवर आम्ही काय प्यायचं?" तोफोल पुटपुटला.

"मागच्या वर्षीची माझी आहे की, छान झालेली," कोलोमा म्हणाली, आणि तिघांपुढे पेले मांडले.