आतून बसणारं झाकण

गुरुदत्तला पाणबुडी करायची होती. अंबरनाथच्या एका कारखान्यात अठरा वर्षं बॉयलर सांभाळलेल्या माणसाला हे खूळ कुठून लागलं, ते बेलवलीत कुणालाच कळलं नाही. त्याची बायको कुंदा तर देवाला विचारून दमली. पण खूळ ते खूळच. उल्हासनगरच्या भंगारवाल्याकडून त्याने एक लहानसा बॉयलर उचलला, आतल्या नळ्या कापून काढल्या, बसायला स्टूल ठेवलं, आणि १९८९ सालच्या जानेवारीत तो चामटोलीजवळच्या बंद खदानीवर नेऊन टाकला. पेडल, पंखा वगैरे नंतर. आधी खोलीची परीक्षा. खदानीत चौदा मीटर पाणी होतं.

"घाबरतेस काय?" तो कुंदाला म्हणाला. "दहा मीटर पाणी म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर एक किलोचा दाब. बस्स. हा मी दहा किलोला टेस्ट केलाय. आत पाणी भरलं, पंप लावला, थेंब गळला नाही."

कुंदा तरीही घाबरलीच होती. मागच्या रविवारी तीन मीटरवरच तिचा धीर सुटला होता आणि तिने खूण नसताना त्याला वर ओढायला लावलं होतं. तो कोरडाठाक बाहेर आला आणि मग आठवडाभर गल्लीत सांगत सुटला, "आमच्या हिचं काळीज म्हणजे सशाचं. पान पडलं की आभाळ पडलं." लोक हसले. तीही हसली, पण ते तिला फार लागलं. आज त्याने तिला बजावूनच ठेवलं होतं: एक ठोका म्हणजे सोडा, दोन म्हणजे थांबा, तीन म्हणजे वर. तीन ठोके आल्याशिवाय दोराला हात लावायचा नाही.

तो आत उतरला. चामटोलीचा आनंदा बैलजोडी घेऊन मदतीला आला होता. त्याने झाकण बसवलं, वरची लोखंडी पट्टी आडवी लावली आणि पान्याने नट आवळला. नट बाहेर होता. म्हणजे आतल्या माणसाला कितीही वाटलं तरी झाकण उघडता येणार नव्हतं. हा विचार कुंदाच्या मनातून जाईना.

उंबराच्या बुंध्याला तीन वेढे दिलेला दोर आनंदा हळूहळू सोडू लागला. दोराला दर मीटरवर चिंधी बांधली होती. आतले ठोके ऐकायला पाण्यात उभ्या केलेल्या पाइपाला कुंदाने कान लावला. टण. सोडा. पाच चिंध्या गेल्या, सहा गेल्या. टण. सात. आठवीला ठोके आले. टण, टण.

"थांब," ती आनंदाला म्हणाली.

आणि मग काहीच नाही. पाइपातून नुसतं गुं गुं ऐकू येत होतं. पाणी हिरवं आणि सपाट होतं, त्याखाली आपला नवरा आहे असं सांगूनही पटलं नसतं. तिने मनात शंभरपर्यंत आकडे मोजले, मग पुन्हा शंभर. ससा म्हणतील, म्हणू देत, असं तिला वाटे. आणि लगेच गल्लीतले हसरे चेहरे डोळ्यांपुढे येत. मन दुसरीकडे वळवावं म्हणून ती बंद केलेलं झाकण आठवू लागली. ते तोंडातून तिरकं आत घातलं होतं, मग वर ओढून बसवलं होतं. अगदी तिच्या कुकरसारखं. तिचा कुकरही असाच, आतून बसणाऱ्या झाकणाचा. वाफ आतून रेटते म्हणून ते घट्ट बसतं. पण वाफ धरायच्या आधी वरून बोट जरी जोरात दाबलं, तरी झाकण भातात पडतं.

बोट! इथे वरून आठ मीटर पाणी दाबत होतं.

त्या झाकणावर अंगठ्याची नखं किती मावतील? हजार तरी. अठरा वर्षं या माणसाने दाब आतून बाहेर येतानाच पाहिला होता. टेस्टही आतूनच घेतली होती. आणि झाकण धरून ठेवायला काय, तर एक पट्टी!

"आनंदा, वर घे! बैल हाक!"

"वैनी, दोनच ठोकं आलं ना. दोन म्हंजे थांबाचं. सायेब कावतील माझ्याव."

"कावू देत!" म्हणत तिने स्वतःच कासरा ओढला. बैल चालू लागले.

गुरुदत्त वर आला तो लालबुंद. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं! शर्ट खांद्यापासून ओला होता. घाम आलाय, म्हणाला. "पुन्हा तेच? काय म्हणावं तुला?"

कुंदा वाद घालत बसली नाही. "तुमच्याऐवजी दगडांची गोणी ठेवा," ती म्हणाली, "आणि सोडा तळापर्यंत. कोरडी आली तर मी चार लोकांत तुमची माफी मागेन."

हे त्याला आवडलं. गोणी स्टुलावर चढली, नट आवळला गेला. आठ, नऊ, दहा. अकरावी चिंधी पाण्यात गेली आणि दोराला असा हिसका बसला की आनंदा पाठीवर आपटला. वेढे होते म्हणून दोर राहिला. खदानीच्या मधोमध पाणी भसाभसा उकळल्यासारखं वर आलं आणि बराच वेळ येत राहिलं.

बॉयलर वर काढताना बैलांच्या तोंडाला फेस आला. झाकण जागेवर नव्हतं. पट्टी वाकून तीही आत गेली होती. झाकण स्टुलावर पडलं होतं, आणि खालची गोणी फाटून दगड बाहेर आले होते.

गुरुदत्त मटकन खाली बसला.

"आठ मीटरला झाकणाच्या कडेनं पाणी यायला लागलं होतं," तो म्हणाला. "खांद्यावर धार पडत होती."

"मग तीन का नाही ठोकलेत?"

त्याने मान वर केली नाही. "लाज वाटली. आठवडाभर तुला ससा म्हणत हिंडलो होतो. म्हटलं, थांबेल थोड्या वेळात."

कुंदा पाण्याला घाबरली होती त्याच्या कितीतरी पट ती आता या माणसाला घाबरली. पाच मिनिटं तो खाली पाण्याची धार अंगावर घेत बसला होता, आणि पाच मिनिटं ती वर आकडे मोजत बसली होती, दोघंही एकाच हसण्याच्या भीतीने. तिने त्याचे हात घट्ट धरले.

"पुढच्या वेळी भीती वाटली तर ठोका," ती म्हणाली. "मी हसणार नाही. आणि हसले तरी ठोका."