पारसिकचे पाच चढ

दर रविवारी पारसिक टेकडीचा रस्ता सायकलने पाच वेळा चढायचा आणि पाच वेळा उतरायचा, हा करावे गावच्या स्नेहलचा नेम. यंदा तिनेच धाकट्या जावेला, भाविकाला, सायकल शिकवली. आणि आता तीच पुढे! पुढे भाविकाची वेणी झुले, मागे स्नेहलचं काळीज जळे.

म्हणून आज पायथ्याशी स्नेहल अगदी मायेने बोलली, "भावे, हलका गिअर नको घेऊ. जड गिअरवर चढ, पाय तयार होतात." दुसऱ्याच चढाला ही धापा टाकत खाली बसेल, असा तिचा डाव होता.

पण भाविका पेडलवर उभी राहिली आणि खाडीत होडी वल्हवावी तशी डुलत डुलत चढत राहिली. चौथ्यांदा स्नेहल वर पोचली, तेव्हा आधीच पोचलेली भाविका कठड्याला टेकून गुडघे चोळत होती.

ते पाहून स्नेहलला राहवलं नाही. "आता हलका घे गो. मी तुला खोटं सांगितलं."

"माहीत हाय, जाऊबाई. पयल्याच चढाला समजलं."

"मग बदलला का नाय?"

"मी कितीबी पुढं गेली तरी घरात सगले म्हनतात, स्नेहलनं शिकवलं. माझं नावच नाय." भाविकाने सायकलचं हँडल धरलं. "म्हनून तुमच्याच गिअरवर तुमाला हरवायचं होतं."

स्नेहलला उमगलं, जो जाळ आपल्याच चुलीत वाटत होता, तो शेजारच्या चुलीतही धगधगत होता.

तिने आपला गिअर जड केला.

"चल मग. पाचवा बाकी हाय."